दहा बगिचे म्हणजे एक जंगल नव्हे

मा. संपादक,
स.न.

नागपुरात कुठे झाडे तुटली की 'तेवढीच दुसरीकडे लावू' हे उत्तर ठरलेले असते. झाडांचा आकडा जुळतो, जीवजातींचा जुळत नाही. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये बेटांवरून हे गणित मांडले. बेट लहान असेल तर तिथल्या जाती लवकर संपतात. मुख्य भूमीपासून दूर असेल तर नव्या जाती क्वचितच येऊन पोहोचतात. शेता-वस्तीने वेढलेला जंगलाचा तुकडाही असे बेटच. ढोबळमानाने क्षेत्र दहापट झाले की जाती दुप्पट होतात. म्हणजे शंभर एकरांचे दहा एकर उरले, तर जाती निम्म्यावर येतात. दहा लहान तुकड्यांतील जातींची बेरीज कधी मोठ्या तुकड्याहून जास्त भरते, हे खरे. पण त्यात साळुंकी, बुलबुल, खार अशा कुठेही जगणाऱ्यांचीच भर जास्त.

जाती लगेच जात नाहीत, म्हणून फसगत होते. थायलंडमध्ये च्यू लान धरणाच्या पाण्याने 1986-87 च्या सुमारास जंगलाच्या टेकड्यांची बेटे झाली. पंचवीस वर्षांत दहा ते छप्पन हेक्टरच्या बेटांवरूनही स्थानिक लहान सस्तन प्राणी जवळपास संपले. दहा हेक्टरहून लहान बेटांवर तर पाचेक वर्षांतच. उरला तो बाहेरून शिरलेला एक उंदीर. झाडे मात्र उभीच होती!

आपल्याकडे बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा जेमतेम 138 चौ.कि.मी.चा, देशातल्या लहानांपैकी एक. तो पेंचपासून वेगळा पडला की बेटच. मधली काटोल-कळमेश्वरकडची शेते आणि संत्राबागा समुद्राइतक्या अभेद्य नाहीत, एवढेच भाग्य. नाल्याकाठचे कहू (अर्जुन), जांभूळ, करंज ही तिथली खरी वाट. नाला सरळ करून सिमेंटचा केला, की ती तुटते. मोहाचे बी वटवाघूळ रात्रीत दूर नेऊन टाकते. सरडा-बेडकाला दोनशे मीटर डांबरही भारी पडते. राष्ट्रीय महामार्ग 44 वर पेंचलगत प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा व पूल केले. त्यातली सर्वांत लांब रचना 750 मीटरची, आणि वाघ त्यांचा वापर करतात. रस्ता वर आणि वाट खाली ठेवता येते, ती अशी.

जातींचे आकडे छापतानाही जपावे. केरळच्या घाटातले बेडूक आणि विदर्भातले बेडूक यांची तुलना करून हळहळण्यात अर्थ नाही. विषुववृत्ताकडे जाती वाढतात. शिवाय दक्षिण घाटात कोरडे महिने दोन-तीन, आपल्याकडे सात-आठ. गोरेवाड्याचे जंगल आणि एखादा दोन एकरांचा बगिचा यांचीही तुलना सरळ करू नये. दोन्हीकडे सारखीच मिनिटे, सारख्याच वेळी, एकाच ऋतूत पक्षी मोजावेत. तलावावरची हिवाळी बदके वेगळी लिहावीत, नाहीतर आकडा फुगतो. दर फेरीला नव्या जाती मिळणे थांबेपर्यंत मोजणी थांबवू नये.

म्हणून भरपाईची झाडे शहराच्या दुसऱ्या टोकाला नकोत. ती असलेल्या जंगलाला चिकटून किंवा दोन तुकड्यांमधल्या नाल्यावर लावा, त्यात साग एकटा नको, आणि भोवती भिंत तर नकोच.

– एक वाचक, नागपूर