केंटचा म्हातारा अष्टपैलू

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचा विषय निघाला आणि तुमचा आवाज चढलाच. प्रथम श्रेणीत 589 बळी घेऊन एकही कसोटी नाही! आता भांडायला आणखी एक माणूस देते: आमच्या केंटचा, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या काउंटी (जिल्हा) संघाचा अष्टपैलू डॅरेन स्टीव्हन्स. काउंटीत 16,000च्या वर धावा, सहाशेच्या आसपास बळी, आणि इंग्लंडची टोपी शून्य.

1997 मध्ये लेस्टरशायरकडून सुरुवात, 2005 पासून केंट. तेव्हा तो फलंदाज, गोलंदाजी कामापुरती. बहुतेक बळी पस्तिशी उलटल्यावरचे! वेग एवढाच की कीपर स्टंपजवळ उभा राहायचा. पण टप्पा सुटायचा नाही आणि चेंडू शिवणीवर पडून बोटभर हलायचा. तुम्हाला मुंबईतल्या पावसाळी कांगा लीगच्या ओल्या विकेटी ठाऊक आहेत, जास्त सांगायला नको. इथे एप्रिलमध्ये खेळपट्टी हिरवी, गोलंदाजांना सोपी; तिच्यावरची कमाई म्हणून काहीजण नाक मुरडतात. अहो, एप्रिल सगळ्याच गोलंदाजांच्या वाट्याला येतो.

2019 मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, केंटने त्याला निरोप द्यायचं ठरवलं होतं. हेडिंग्लेच्या मैदानावर यॉर्कशायरसमोर केंटचे 5 बाद 39 झालेले. ह्याने 237 ठोकल्या, वर दुसऱ्या डावात 20 धावांत 5 बळी. केंटने गुपचूप नवा करार दिला.

माझी लाडकी खेळी मात्र 2021ची, इथे कँटरबरीला, ग्लॅमॉर्गनविरुद्ध. केंट 8 बाद 128 असताना हा टिकून होता, आणि शेवटी 149 चेंडूंत 190, त्यात 15 षटकार. नवव्या विकेटच्या 166 धावांच्या भागीदारीत समोरच्या मिगेल कमिन्सची धाव किती? एक. आई, दिवाळीचा फराळ तू करतेस आणि बाबा चव बघायला उभे असतात ना, तस्संच. पुढे त्याने ग्लॅमॉर्गनकडून खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लाबुशेनलाही पायचीत केलं. त्याच वर्षी विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिक ग्रंथाने वर्षातल्या पाच मानकरी खेळाडूंत त्याचं नाव घातलं होतं.

2022 मध्ये केंटने खरंच रजा दिली. तोवर सेहेचाळीस पूर्ण. जाता जाता एकदिवसीय चषकाच्या उपांत्य सामन्यात हॅम्पशायरविरुद्ध नाबाद 84 करून संघाला फायनलला नेलं, आणि चषकही आला.

बाबा, तुम्ही म्हणाल शिवलकर वेगळे, भारतीय संघातल्या त्यांच्या जागेवर तसेच डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी होते. मान्य. पण स्टीव्हन्सच्या वाटेत कोण होतं? माझ्या मते त्याचं वयच, कारण तो खरा पिकला तेव्हा निवड समिती तिशीच्या आतलेच बघत होती.

मे महिन्यात याच. चार दिवसांचा सामना अख्खा बघू. आई, जाड स्वेटर आण, इथला वारा मे महिन्यातही बोचतो.

तुमची,
मनू