पहिल्या दिवशी हात राखून

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं उंच डोंगरातल्या सायकल शर्यतीचं वेळापत्रक तुझ्या बाबांनी मोठ्या अक्षरांत उतरवून देवघराशेजारी लावलंय. आठ दिवस, आठ टप्पे, आणि आठही दिवसांचा वेळ जोडून शेवटचा नंबर. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात कापूसवेचणी घोळतेय, म्हणून लिहायला बसले.

लग्नानंतरच्या पहिल्या वेचणीला सगळ्यांच्या पुढे मी असायची. किलोवर मजुरी आणि अंगात जोम. पहिल्या संध्याकाळी काट्यावर माझं गाठोडं सगळ्यांत जड भरलं. तिसऱ्या दिवशी कंबर वाकेना आणि बोंडांनी बोटं फाटलेली. शेजारची मावशी मात्र पहिल्या दिवसापासून आपली पात, म्हणजे वेचायची ओळ, धरून एकाच चालीने वेचत होती. दुपारी बांधावर बसून पोटभर भाकरी खायची, तहान लागायच्या आधी पाणी प्यायची. आठवड्याच्या हिशेबाला तिचे पैसे माझ्यापेक्षा जास्त निघाले, कारण मी मधले दोन दिवस घरी पडून होते. पहिल्या दिवशी कोणी पुढे गेलं तर जाऊ दे रे. तुझी पात तू धर.

कन्नडच्या घाटात तू रविवारी दोन-दोन वेळा चढतोस, ते बघून बाबांची छाती फुगते. मला घाटाची भीती नाही. मला भीती आहे ती लळिंगची. गेल्या वर्षी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, त्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब सायकल राईडमध्ये, साडेतेरा तासांची मुदत गाठायची म्हणून तू खाणं टाळलंस आणि लळिंग घाटाखाली रस्त्याच्या कडेला बसून मला फोन केलास. हात थरथरतायत म्हणालास. तुझा तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. एका दिवसाच्या राईडमध्ये तेवढ्यावर निभावलं. इथे आज रिकामं झालेलं अंग उद्या सकाळी परत चढावर न्यायचंय.

तुझ्या तक्त्यात तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं लिहिलीत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी आणि वर गुळाचा खडा. रावेरच्या मामाकडची केळी तिकडे पोचेपर्यंत काळी पडतील, तिथलीच घे. गूळ-दाण्याचे लाडू मात्र मी पाठवतेय, एका घासात जाईल एवढेच वळलेत. सायकलवर बसल्याबसल्या खायची सवय आत्तापासून कर, घरी बसून खाऊन बघितलेलं पोट चढावर तसं वागत नाही. टप्पा संपला की गप्पा नंतर, आधी अर्ध्या तासाच्या आत खिचडी नाहीतर दहीभात पोटात जाऊ दे. शेवभाजीचं नाव आठ दिवस काढू नकोस. परत आलास की तिखटजाळ करून घालते.

आपलं गाव सखल, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजणारं. तिकडे ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के, असं तूच सांगितलंस. मग चार दिवस आधी जाऊन राहा ना. रजेचं साहेबांशी बोल, नाही मिळाली तर दिवाळीची रजा इकडे वळव. दिवाळीला घरी नाही आलास तरी चालेल, हे मी मनापासून लिहितेय. आणि पहिल्या दोन रात्री झोप लागली नाही तर घाबरू नकोस, डोळे मिटून पडून राहा. पण डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, तर त्या दिवशी पुढे चढायचं नाही. तिथल्या डॉक्टरांना सांगायचं आणि मग मला.

उतारावर बोटं गारठली की ब्रेक नीट दाबला जात नाही. बाबांनी धुळ्याहून लोकरी हातमोजे आणलेत, तुझ्या त्या पातळ हातमोज्यांवर चढतात का ते आधी बघून घे.

आजी रोज संध्याकाळी विचारते, ‘पोऱ्या जेवना का?’ तिला शर्यत किती किलोमीटरची ते सांगून झालं, तरी प्रश्न तोच. तेव्हा रोज टप्पा संपला की नंबर नाही कळवलास तरी चालेल, काय जेवलास तेवढं कळव.

तुझी,
आई