सुरांची लिस्ट आणि एक फोल्ड : पॉल हुडाक सरांना आभाराचं पत्र

आदरणीय हुडाक सर,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. २९ एप्रिल २०१५ ला तुम्ही गेलात. तरी ते उघडपणे लिहितो आहोत, कारण हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना आम्ही जे रोज वापरतो त्यातलं बरंचसं तुमचं आहे, आणि आमच्याकडे शिकणाऱ्यांनाही ते ठाऊक असावं.

हास्केल ठरवणाऱ्या समितीत तुम्ही होतात, तिच्या व्याख्येचा १९९० चा पहिला अहवाल तुम्ही आणि फिलिप वॉडलर यांनी मिळून संपादित केला. ते मोठं काम आहे, पण आमचे आभार जरा वेगळ्या गोष्टीसाठी आहेत. फंक्शनल प्रोग्रॅमिंगची, म्हणजे फंक्शन्स जोडून प्रोग्रॅम लिहिण्याची, ओळख फॅक्टोरियल आणि फिबोनाचीसारख्या आकडेमोडीवरच थांबत असे. २००० सालच्या पुस्तकात तुम्ही ती आकृत्या, अ‍ॅनिमेशन आणि संगीत यांतून करून दिलीत.

तुमच्या संगीताच्या लायब्ररीत, आधी हास्कोर आणि मग युटर्पियात, संगीत हा एक साधा टाइप, म्हणजे व्हॅल्यूंचा साचा, आहे. त्याचे प्रकार चारच: एखादा सूर किंवा विश्रांती; दोन तुकडे एकामागोमाग, म्हणजे :+: ; दोन तुकडे एकाच वेळी, म्हणजे :=: ; आणि एखाद्या तुकड्याला लावलेला बदल, जसं लय किंवा वाद्य. वाजवणं अगदी शेवटी, ‘प्ले’ या फंक्शनने. तोवर हातात असते ती फक्त एक व्हॅल्यू. ती उलटवा, वरच्या पट्टीत न्या, दुगुन करा. आवाज कुठेच होत नाही. साइड इफेक्ट (इथे प्रत्यक्ष आवाज) बाजूला ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे व्याख्येपेक्षा इथे लवकर समजतं.

फोल्ड, म्हणजे एक क्रिया वापरून अख्खी लिस्ट एका व्हॅल्यूत गुंडाळणं, शिकवायला तर याहून चांगलं साधन आम्हाला सापडलेलं नाही. सा, ग, प या तीन सुरांची लिस्ट घ्यायची. उजवीकडून फोल्ड करायची, क्रिया :+: द्यायची आणि सुरुवातीची व्हॅल्यू म्हणून शून्य लांबीची विश्रांती. सूर एकामागून एक येतात. आता क्रिया तेवढी बदलून :=: करायची, बाकी एक अक्षरही हलवायचं नाही. तेच तीन सूर कॉर्ड होऊन एकदम वाजतात. युटर्पियातली ‘लाइन’ आणि ‘कॉर्ड’ ही दोन फंक्शन्स अगदी अशीच लिहिलेली आहेत. शून्य लांबीचीच विश्रांती का, हा प्रश्न मग विद्यार्थीच विचारतात. तिच्या जागी क्वार्टर नोटची, म्हणजे एका मात्रेची, विश्रांती घालून बघा, असं आम्ही सांगतो. :+: मध्ये तुकड्याच्या शेवटी एक गप्प मात्रा वाढते; :=: मध्ये सूर तेवढेच किंवा जास्त लांब असतील तर काहीच बदलत नाही. आयडेंटिटी एलिमेंट, म्हणजे जोडूनही काहीच न बदलणारी व्हॅल्यू, शिकवायला वेगळा तास लागत नाही.

चुकाही शिकवणाऱ्या आहेत. :+: आणि :=: या दोन्हींचा अग्रक्रम सारखाच, ५, आणि दोन्ही उजवीकडून बांधल्या जातात. त्यामुळे ‘स्थायी :+: अंतरा :=: तंबोरा’ असं कंसाशिवाय लिहिलं की स्थायी कोरडी जाते आणि तंबोरा अंतऱ्याला सुरू होतो. कंपाइलर हूं की चूं करत नाही, कारण टाइप बरोबरच असतो. पहिल्या दोघांभोवती कंस घातले की झालं. पण टाइप जुळला म्हणजे अर्थ जुळला असं नाही, हे एकदा कानाने ऐकलेलं विद्यार्थी विसरत नाहीत. तसंच (अ :+: ब) :+: क आणि अ :+: (ब :+: क) ऐकायला तंतोतंत सारखे, पण == ने दोन्ही सारखे का असं विचारलं तर उत्तर ‘फॉल्स’, कारण कंसांनी बनणाऱ्या झाडांचे आकार वेगळे. रचना सारखी असणं आणि अर्थ सारखा असणं यांतला फरक तुम्ही याच दोन ओळींवर उभा केलात.

उलट वाजवण्याचं फंक्शन, ‘रेट्रो’, हा आमचा आवडता गृहपाठ. :+: च्या दोन्ही बाजू उलटवून त्यांची अदलाबदल करायची, हे सगळ्यांना जमतं. :=: ला मात्र बहुतेक जण दोन्ही बाजू नुसत्या उलटवतात. एक बाजू ४ मात्रांची आणि दुसरी ३ ची असेल तर सरळ वाजवताना दोन्ही एकत्र सुरू होतात, म्हणजे उलट वाजवताना त्या एकत्र संपायला हव्यात. म्हणून लहान बाजूच्या आधी १ मात्रेची विश्रांती जोडावी लागते. तुमच्या व्याख्येत ती आहे. ती का आहे हे कळायला आधी चुकीची आवृत्ती ऐकावी लागते.

लेझीपणासाठी, म्हणजे गरज पडेल तेवढंच मोजणं दाखवायला, आम्ही दादरा आणि केरवा घेतो. एकात ६ मात्रा, दुसऱ्यात ८. प्रत्येक ठेका स्वतःपुढे स्वतःलाच जोडणारी एकोळी व्याख्या लिहायची, म्हणजे दोन्ही न संपणारे; मग :=: ने एकत्र. समा जुळतात दर २४ मात्रांनी. ऐकायला ‘कट’ लावून तेवढाच तुकडा काढायचा. इथे हमखास गडबड होते. ‘कट’ला लांबी पूर्ण नोटच्या मापात लागते आणि क्वार्टर नोट असते १/४, म्हणून २४ मात्रांसाठी द्यायचे ६. कुणी २४ दिले की नेहमीच्या १२० च्या लयीत १२ सेकंदांऐवजी ४८ सेकंद ठेका चालू राहतो. आणि न कापलेल्या तुकड्याची लांबी विचारली, किंवा तो मिडी (वाद्यांसाठीच्या सूचनांच्या) फाइलमध्ये लिहायला घेतला, तर प्रोग्रॅम परत येतच नाही. लांबी अपूर्णांकात ठेवल्याबद्दल वेगळे आभार: तिगुनीचा १/१२ तीनदा मिळवला की बरोबर १/४ येतो, दशांशाची धूळ साचत नाही.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी दोन-तीन कोरड्या गोष्टी इथेच सांगून टाकतो. सगळं बरोबर बसवूनही आवाज येत नसेल तर बहुधा सिंथेसायझर नसतो. मिडी म्हणजे नुसत्या सूचना. त्या ऐकून आवाज काढणारं कुणीतरी लागतं. विंडोजमध्ये ते आधीच असतं, लिनक्सवर फ्लुइडसिंथ हा सिंथेसायझर आणि एक साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) बसवून तो आधी चालू करावा लागतो. ‘डिव्हाइसेस’ चालवून यादी बघा आणि ‘प्ले-डेव्ह’ला योग्य क्रमांक द्या. सुरांची नावं एकअक्षरी फंक्शन्स आहेत, म्हणून वरच्या पातळीवर स्वतःच्या फंक्शनला एफ किंवा जी असं नाव देऊ नका. मिडीचे चॅनेल १६, त्यातला १० वा तालवाद्यांचा. सुरांची वाद्यं १५ च्या पुढे गेली की चॅनेल संपतात.

चित्रांचा भाग आम्ही तुमच्या जुन्या ग्राफिक्स लायब्ररीवर करत नाही, ती आजच्या कंपाइलरवर बसवणं जिकिरीचं आहे. त्याऐवजी ग्लॉस ही चित्रांची लायब्ररी वापरतो. विंडोजवर ‘ग्लट-इनिट सापडत नाही’ अशा अर्थाची तक्रार आली तर फ्रीग्लट या ग्राफिक्स लायब्ररीची डीएलएल फाइल प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवायची. पहिला प्रकल्प रांगोळीचा: एक पाकळी केंद्रापासून १०० पिक्सेल सरकवायची, मग ० ते ११ या लिस्टवर मॅप करून (म्हणजे प्रत्येक आकड्याला तीच क्रिया लावून) प्रत्येक प्रत ३० अंशांच्या पटीत फिरवायची आणि सगळ्या एकत्र ठेवायच्या. क्रम उलटला, आधी फिरवून मग सरकवलं, तर बाराही पाकळ्या एकाच जागी उजवीकडे गोळा होतात, कारण फिरवणं नेहमी केंद्राभोवती होतं. फंक्शन कंपोझिशन (फंक्शन्सची साखळी) उजवीकडून वाचायचं असतं, हे इथे पक्कं होतं. भरीव बहुभुज बहिर्वक्रच हवा. पाच टोकांची चांदणी एका दमात भरायला गेलात तर खाचा बुजतात, ती त्रिकोणांत तोडावी. फिरवायला अंश लागतात आणि साइनला रेडियन, हेही लक्षात असू द्या.

अ‍ॅनिमेशन म्हणजे वेळेचं फंक्शन, हा विचार तुम्ही आणि कॉनल एलियट यांनी १९९७ मध्ये फ्रॅन या लायब्ररीतून मांडलात. ग्लॉसच्या ‘अ‍ॅनिमेट’मध्ये तो आयता मिळतो: सेकंद द्या, चित्र घ्या. ‘काउंटर कुठे ठेवायचा?’ हा दुसऱ्या भाषांतून आलेल्यांचा प्रश्न. ठेवायचाच नाही. १२० च्या लयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणून रांगोळी मात्रेला एकदा फुलायची तर साइन(४πट), जिथे ट म्हणजे सेकंद. सोबत ठेकाही हवा असेल तर ‘प्ले’ दोन्ही लायब्रऱ्यांत आहे, म्हणून ग्लॉस क्वालिफाइड, म्हणजे त्यातल्या नावांपुढे लायब्ररीचं नाव लागेल अशी, इम्पोर्ट करा. युटर्पियाचा ‘प्ले’ संपेपर्यंत पुढची ओळ चालत नाही, तो फोर्क-आयओने वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) टाका आणि ‘थ्रेडेड’ पर्याय देऊन कंपाइल करा. चित्र आणि आवाज सुरुवातीला थोडे मागेपुढे होतात. वेळेत एक छोटी संख्या मिळवून ते जुळवता येतं.

एक तक्रार मात्र आहे, तीही आभाराच्या पोटातली. आमचे विद्यार्थी लगेच भूप वाजवायला घेतात: सा रे ग प ध, म्हणजे ०, २, ४, ७, ९. वाद्यांच्या यादीत सतार आणि शहनाई आहेत, त्यामुळे हुरूप येतो. मग तंबोऱ्यावर कान तयार झालेला कुणीतरी म्हणतो, गंधार चढा लागतोय. खरंच लागतो. सा २६१.६ हर्ट्‍झ धरला तर पियानोचा ग ३२९.६ वर येतो आणि ५/४ च्या प्रमाणातला ३२७.० वर. मींड तर या टाइपमध्ये लिहिताच येत नाही, कारण सूर म्हणजे एक पूर्णांक.

उत्तरही तुम्हीच ठेवून गेलात, सिग्नलच्या, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या किमतीच्या, भागात. डॉन्या क्विक यांनी पूर्ण केलेलं तुमचं पुस्तक २०१८ मध्ये आलं, त्यात ते सविस्तर आहे. तिथे आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि वारंवारता म्हणजे आणखी एक सिग्नल. सा ते ग ही मींड सरळ रेषेने नेली तर ती खाली घाईत आणि वर रेंगाळल्यासारखी वाटते, कारण कान फरक मोजत नाही, गुणोत्तर मोजतो. म्हणून घातांकी एन्व्हलप (वेळेनुसार बदलाचा आलेख) घ्यायचा, आणि त्याचं कुठलंही टोक शून्यावर ठेवायचं नाही. तंबोऱ्याच्या चार तारा मिळवताना बेरीज १ च्या वर गेली की आवाज फाटतो. प्रत्येक तारेला ०.२५ ने गुणा, नाहीतर नॉर्मलाइझ करून (आवाज मर्यादेत आणून) फाइल लिहिणारं फंक्शन वापरा. अ‍ॅरोची (सिग्नल जोडणाऱ्या बाणांची) वाक्यरचना वापरणार असाल तर फाइलच्या वरच ते एक्स्टेन्शन चालू करा, नाहीतर पहिल्याच बाणावर कंपाइलर अडतो.

पुढच्या तुकडीला आम्ही इथूनच सुरुवात करून देणार आहोत: आधी तंबोरा सिग्नलमध्ये, मग त्यावर भूपाची लिस्ट.

आपले ऋणी,
हास्केल शिकवणारे आम्ही काही जण