अंक निघाला, आता आभार

आमच्या कॉलेजचा वार्षिकांक परवा एकदाचा हातात पडला. संपादक मंडळ म्हणून नावं आमची छापलीत. ज्यांची कुठेच नाहीत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सगळ्यात आधी प्रेसमधले काका. आम्ही ८४ पानांचा आराखडा घेऊन ऐटीत गेलो होतो. त्यांनी काही न बोलता एक कोरा कागद तीनदा दुमडला, पेन्सिलीने पानांना आकडे टाकले आणि उलगडून दाखवला. १ च्या शेजारी १६, आणि अर्धी पानं चक्क उलटी! "फॉर्म, म्हणजे छापून दुमडायचा एक ताव, सोळा पानांचा असतो पोरांनो. ८० करा, नाहीतर चार पानांसाठी वेगळा खर्च." कुणाची चार पानं कापायची यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता, ते सोडा. शेवटी संपादकीयच अर्धं केलं. बरंच झालं.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडाले होते. कवितेत 'सूर्य' उगवायचा, तिथे 'सूय' उगवत होता. शेजारच्या निवृत्त बाईंनी तीन वेळा प्रुफं वाचली. मानधनाचं विचारलं तर म्हणाल्या, "आधी ऱ्हस्व-दीर्घ शिका."

व्हॉट्सअ‍ॅपवरचे धुरकट फोटो बाजूला काढून मूळ फोटो मिळवणारा, रात्री जागून रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, नीट बसवणारा आमचा माजी विद्यार्थी दादा, तुझेही आभार.

आणि गठ्ठे तिसऱ्या मजल्यावर चढवणारे शिपाईमामा. घाम पुसून त्यांनी पहिली प्रत उघडली ती थेट पान ४३ वर. तिथे त्यांच्या मुलीची कविता आहे.