ठणका थांबला म्हणजे पाय बरा झाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडा पानावरची, घोटा मुरगळलेल्या कबड्डीपटू मुलीची 'तीन आठवड्यांत पुन्हा मैदानात' ही बातमी वाचली. घोट्याला पट्टी गुंडाळून चढाया, टाळ्यांचा कडकडाट, कोकणच्या मातीतली जिद्द, सगळं आलंय. मुलीचं कौतुक आहेच. पण तिचा घोटा खरोखर किती सुधारलाय, हे बातमी लिहिणाऱ्याने कुणाला विचारलं का? निदान तिच्या आईला?

माझी मुलगीसुद्धा अशीच तीन आठवड्यांत 'पुन्हा मैदानात' गेली होती, म्हणून विचारते. गेल्या वर्षी जानेवारीत रात्रीच्या सामन्यात डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने हिचा घोटा पकडला, हिने मध्यरेषेकडे अंग झोकून दिलं आणि पाऊल आत वळलं. कुणीतरी धावत येऊन स्प्रे मारला आणि दोन मिनिटांत हिला पुढच्या चढाईला पाठवलं. एक्स-रेमध्ये हाड शाबूत. क्रेप बँडेज, पंधरा दिवस विश्रांती. सूज उतरली, ठणका थांबला आणि प्रशिक्षकांचा निरोप आला, "मुरगळलंच आहे ना, मोडलं तर नाही?" गेली. फेब्रुवारीत पुन्हा मुरगळला. तिसऱ्यांदा एप्रिलमध्ये, आणि तेव्हा समोर ना पकड करणारी ना मैदान. पाण्याची कळशी घेऊन आमच्या घरालगतची पाखाडी चढत होती. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या त्याच चिऱ्यांवरून ही पोर लहानपणापासून धावत आलीय, कधी घसरली नाही. त्या दिवशी कोरड्या पायरीवर पाय दगा देऊन गेला.

मग गुहागरहून चिपळूणला फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी आधी पाय दाबून पाहिलाच नाही. म्हणाल्या, "या पायावर उभी राहा. आता डोळे मीट." चार आकडे मोजून होण्याआधी हिने दुसरा पाय टेकला. चांगल्या पायावर तीस सेकंद आरामात उभी! मग त्यांनी समजावलं. पाय मुरगळतो तेव्हा सांध्याचे बंध ताणले जातात किंवा फाटतात, आणि पाऊल कसं पडलंय याची वर्दी मेंदूला देणारे त्यांतले बारीक तंतूही दुखावतात. वर्दी उशिरा पोचते, नडगीच्या बाहेरचे स्नायू उशिरा जागे होतात, तोवर पाऊल वळून गेलेलं असतं. दुखणं गेलं तरी हे आपोआप परत येत नाही, ते पायाला पुन्हा शिकवावं लागतं. इंग्लंडच्या डॉक्टरांनी हे १९६५ साली लिहून ठेवलंय म्हणे. साठ वर्षं झाली, आमच्या तालुक्याच्या मैदानावर अजून पोचायचंय. सकाळच्या गाडीने निघालं असेल!

मग घरात सुरू झालं. दात घासताना एका पायावर. नंतर डोळे मिटून. मग दुमडलेल्या गोधडीवर. मग गोधडीवर उभं राहून धाकट्याने फेकलेला चेंडू झेलायचा. पडवीत चिकटपट्टीच्या तीन रेघा मारल्या, एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे, मागे आत, मागे बाहेर जमेल तितका लांब न्यायचा. मी वहीत सेंटिमीटर लिहायचे. पहिल्या दिवशी पुढच्या रेघेवर दोन्ही पायांत अकराचा फरक होता. तो चारच्या आत येईपर्यंत सामना नाही, असा बाईंचा हुकूम. अडीच महिने लागले. (मीही एकदा भाकरी थापता थापता करून पाहिलं. भाकरी वाचली, मी नाही.)

त्या अडीच महिन्यांत "पोरगी नाजूक आहे" हे कितीदा ऐकलं ते लिहीत नाही. ऋषभ पंतला अपघातानंतर मैदानात यायला सव्वा वर्ष लागलं, तेव्हा त्याच्या संयमावर आपणच अर्धं पान खर्च केलं होतं. आमच्या मुलींना मात्र तीन आठवडे! आणि मंडळांचं म्हणाल तर पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांना पैसे असतात, मैदानाकडेला बर्फाची पेटी ठेवायला नसतात.

कालच्या बातमीतल्या मुलीला आपला वार्ताहर पुन्हा भेटणार असेलच. त्याने तिला दुखऱ्या पायावर डोळे मिटून उभं राहायला सांगावं आणि आकडे मोजावेत. किती झाले ते छापा.

आपली,
एक वाचक, ता. गुहागर

ता.क. : बातमीसोबतच्या छायाचित्राखाली 'चढाई करताना' असं लिहिलंय. चित्रातली मुलगी पकड करते आहे. कबड्डीच्या जिल्ह्यातलं वर्तमानपत्र आहे हो आपलं.