लाल चांदणीचा रकाना

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. माझ्याशी बोलायचे तर ओठ दिसावे लागतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भिवंडीच्या एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवण्याचे काम निघाले होते, त्याचा ऑनलाइन अर्ज तो भरत होता. नाव, शिक्षण, अनुभव झाले आणि पुढचा रकाना आला : ‘आपल्याला कोणतेही अपंगत्व अथवा दीर्घकालीन आजार आहे का? असल्यास तपशील द्या.’ शेजारी लाल चांदणी, म्हणजे रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकतच नाही. पोराला नववीपासून फिट येतात. गोळ्या चालू आहेत, दोन वर्षांत एकदाही आलेली नाही. ‘‘मावशी, काय लिहू?’’ अकाउंट्समध्ये अर्धे आयुष्य काढलेल्या मला त्या रात्री उत्तर देता आले नाही.

मला स्वतःला हा प्रश्न तीन नोकऱ्यांत तीन तऱ्हांनी विचारला गेला आहे.

पहिल्यांदा 2006 साली, वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात. फॉर्मवर ‘शारीरिक व्यंग असल्यास’ असे होते. मी खरे लिहिले : दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, मशीन वापरते. साहेबांनी ते वाचले आणि ‘बसा’ या शब्दापासूनच ओरडायला सुरुवात केली. ओरडल्याने आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाही. वर तोंड वेडेवाकडे होते आणि ओठांवरून जे कळत होते तेही जाते. टॅलीवर एक एन्ट्री करायला सांगितली असती तर बरे झाले असते. चार मिनिटांत ‘कळवतो’ झाले. बाहेर रांगेत बसलेल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझ्या कानांचे सगळे कळले होते.

पुढच्या ठिकाणी त्याच रकान्यात ‘नाही’ लिहिले, केस कानांवर सोडले आणि नऊ वर्षे काढली. लपवणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. माझ्या कानांना बारीक, वरच्या पट्टीतले आवाज पोचत नाहीत. ‘स’ हे अक्षर तर जवळजवळ गळूनच पडते. त्यामुळे फोनवर समोरच्याने ‘साठ हजार’ म्हटले की मला ‘आठ हजार’ ऐकू येते. एकदा तसेच झाले आणि पार्टीला बावन्न हजार कमी गेले. सगळ्यांसमोर मला वेंधळी म्हणाले, लक्ष नसते म्हणाले. मी मान खाली घालून ऐकले. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा वेंधळी म्हणवून घेणे परवडत होते.

गंमत म्हणजे पगारपत्रके मीच बनवायची. महाराष्ट्रात 40 टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व असेल तर व्यवसाय कर माफ आहे. माझ्याकडे 45 टक्क्यांचे प्रमाणपत्र होते, घरी कपाटात. ते दाखवले असते तर बिंग फुटले असते. मग दर महिन्याला स्वतःच्या नावासमोर 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये मीच कापायचे. वर्षाचे 2,500, नऊ वर्षांचे 22,500. गप्प राहण्याचे भाडे!

तिसरे ऑफिस महापेचे, जिथे मी आता आहे. तिथे मुलाखतीत फक्त कामाचे विचारले, एक बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या आणि आपल्या नोंदींचा ताळमेळ, करून घेतले. ऑफर लेटर हातात आल्यावर एचआरच्या बाईंनी विचारले, ‘‘काम करताना तुम्हाला काही सोय लागेल का? आम्ही सगळ्यांनाच विचारतो.’’ मी केस मागे घेतले. माझे टेबल एसीच्या घरघरीपासून हलवून भिंतीला पाठ येईल असे लावले, म्हणजे येणारा माणूस मला समोरून दिसतो. रकमा फोनवर नाही, मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर घ्यायच्या असे ठरले. खर्च शून्य. साठ-आठचा घोळ तेव्हापासून झालेला नाही.

म्हणजे प्रश्न विचारूच नये असे माझे म्हणणे नाही. कायद्यालाही ते चालणार नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने समान संधीचे धोरण जाहीर करणे प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक केले आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही दिव्यांग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवायची आहे : अपंगत्वाचे स्वरूप काय, काम कोणते, सोयी कोणत्या दिल्या. योग्य ती सोय नाकारणे हा याच कायद्यात भेदभाव ठरतो. विचारल्याशिवाय सोय देणार कशी? पण नोकरी ठरण्याआधी हा प्रश्न विचारू नये, अशी स्पष्ट मनाई या कायद्यात नाही. अमेरिकेने 1990 च्या कायद्यात ती रेषा आखली : ऑफर देण्याआधी अपंगत्वाबद्दल विचारायचे नाही, हे काम कसे कराल एवढेच विचारायचे, ऑफरनंतर विचारायचे तर त्या कामाच्या सगळ्याच उमेदवारांना. ब्रिटनमध्येही 2010 च्या समानता कायद्याने थोडे अपवाद ठेवून तसेच केले आहे.

आपल्याकडे दुसरीही एक गळती आहे, उत्तर कुणाकुणाच्या हाती पडते त्याची. मागच्या वर्षी आमच्याच ऑफिसात दिव्यांग कर्मचाऱ्यांची एक्सेल शीट चुकून सगळ्या विभागांच्या मेलवर गेली. दुसऱ्या दिवशी चहावाला पोऱ्या माझ्या कानाशी वाकून ओरडला, ‘‘मॅडऽऽम, चहाऽऽ!’’ त्याच्या मनात वाईट काही नव्हते. तो तीन वर्षे माझ्याशी साध्या आवाजात बोलत होता आणि मला कळतही होते. ‘ओरडू नकोस, फक्त समोर उभा राहा’ हे त्याला शिकवण्यात आठवडा गेला.

आता भाच्याचे. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची असती तर फिटचे विचारलेच पाहिजे, आणि लपवणाऱ्याची मी बाजू घेणार नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्म नंबर 1 मध्येही फिटचा प्रश्न असतोच, आणि तो योग्य आहे. पण हा बसणार स्कॅनर आणि कॉम्प्युटर घेऊन. शिवाय दिव्यांग कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांच्या यादीत फिटचे नाव वेगळे घातलेले नाही. म्हणजे खरे लिहिले तर नोकरी जाण्याची भीती आणि हाती दिव्यांगाचे कार्डही नाही.

पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय आणि राज्याचा कामगार विभाग यांनी मिळून एवढे तरी करावे : हा रकाना अर्जावरून काढून ऑफर लेटरनंतरच्या कागदात टाकायला सांगावे, आणि तो कागद कोण पाहू शकेल तेही ठरवून द्यावे. अर्जावर विचारायचेच असेल तर कामाचे विचारा. ‘दहा किलोची खोकी उचलावी लागतील, रात्रपाळी असेल, कसे जमवाल?’ रात्रपाळीवर भाचा स्वतःच ‘नको’ म्हणाला असता, कारण जागरण झाले की त्याला फिट येऊ शकते.

त्याने शेवटी ‘नाही’ लिहिले. मी रागावले नाही. मला तो अधिकार नाही. येत्या सोमवारपासून तो कामावर जाणार आहे. उद्या पाळीवर फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसायचे नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करायचा, हे त्या गोदामात कुणालाही माहीत नाही.

आपली,
एक वाचक, ऐरोली

(माझे नाव छापू नये ही विनंती. माझे आता सगळ्यांना माहीत आहे. त्याचे अजून नाही.)