“ही भुकटी कशाची?” याचं नीट उत्तर देणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

आईच्या वरच्या दाढांच्या जागी इम्प्लांट पक्के बसले, त्याचे आभार आहेतच. पण पत्र लिहितेय ते तुम्ही तिच्या एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरासाठी.

दाढा पडून बरीच वर्षं झाली की वरच्या जबड्याचं हाड झिजतं आणि वरची सायनसची पोकळी खाली उतरते, हे तुम्ही स्कॅनवर बोट ठेवून दाखवलंत. आईचं हाड जेमतेम ४ मिलिमीटर उरलं होतं. म्हणून सायनसचं अस्तर अलगद वर उचलायचं आणि खाली हाडाची भुकटी भरायची. आई माळकरी. तिने लगेच विचारलं, “कशाची भुकटी?” याआधी एका दवाखान्यात याच प्रश्नावर “आजी, निर्जंतुक असते हो” एवढंच ऐकून आम्ही परतलो होतो.

तुम्ही हसला नाहीत. गायीगुरांच्या हाडापासून केलेली भुकटी जगभर वापरतात, तिच्यावर अभ्यासही भरपूर झालाय, हे आधी स्वच्छ सांगितलंत. मग कृत्रिम दाखवलीत: हायड्रॉक्सिॲपटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, दोन्ही कॅल्शियमचेच क्षार. पहिलं फार सावकाश विरतं आणि जागा धरून ठेवतं, दुसरं लवकर विरून नव्या हाडाला वाट देतं. “ही नुसता मांडव घालते आजी, वेल तुमच्याच हाडातून चढायचा. सहा ते नऊ महिने धीर धरा. आणि मिश्री बंद.”

माळ घातली तरी मिश्री काही सुटली नव्हती! आम्ही भावंडं सांगून थकलो होतो. तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो, मग भरलेलं हाड धरत नाही, हे तुम्ही आमच्याकडे न बघता थेट तिला सांगितलंत. तिने सोडली.

सिस्टरांचेही आभार. नाक शिंकरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्या, हे त्यांनी फोन करकरून तिच्याकडून वदवून घेतलं.

एक विनंती. संमतीपत्रावर भुकटीचं नाव बारीक इंग्रजीत आहे. ती कशापासून बनते, ते मराठीत ठळक छापून घ्या. आईसारखं तोंडावर विचारणं सगळ्यांना जमत नाही.

तुमच्या पेशंटची थोरली मुलगी